छतावरचा उजेड कशानं हलतो

सकाळचा उजेड आमच्या शाळेत एकदम येत नाही. आधी तो फाटकापाशी घुटमळतो, नव्याने नाव घालायला आलेल्या पोरासारखा. मग आवारातल्या कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून थोडा उभा राहतो, व्हरांड्याच्या पायऱ्या सावकाश चढतो, आणि आठवीच्या वर्गाच्या पूर्वेकडच्या खिडकीतून, गजांच्या सावल्या पुढे ढकलत, माझ्या टेबलावर उतरतो. हिवाळ्यात त्याचा रंग ज्वारीच्या कण्यांसारखा असतो, पांढुरका आणि किंचित पिवळा. त्यात खडूची धूळ तरंगत राहते. भिंतीवरच्या जुन्या नकाशावर तो आधी बंगालचा उपसागर उजळतो, मग सावकाश आपल्या बाजूला सरकतो. बीडपर्यंत पोचायला त्याला प्रार्थना संपावी लागते. त्याला कसली घाई नसते. मलाही नसे.

टेबलावर एक परात असे. चंद्रभागाकाकू शाळेची खिचडी शिजवतात. त्यांच्या भांड्यांतली सर्वांत जुनी, काठाला पोचा आलेली परात मी मागून घेतली होती. तिच्यात रोज सकाळी बोटभर पाणी ओतायचे. उजेड त्या पाण्यावर पडला की उसळी घेऊन छतावर जाई, आणि तिथे एक गोल, निश्चल तुकडा उमटे. हा माझा भूकंपमापक. जमीन जराशी हलली तरी पाणी हलेल, आणि पाणी हलले की छतावरचा उजेड फुटेल. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे आमच्या घरातली मांडणीवरची भांडी आपोआप वाजली होती, असे आई सांगते. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तरी त्या भांड्यांचा आवाज मला आठवतो असे वाटते. कदाचित म्हणूनच मी विज्ञानाचा शिक्षक झालो असेन, आणि कदाचित म्हणूनच मला निश्चल गोष्टी आवडत असतील. माझा स्वभावही त्या पाण्यासारखाच होता. कुणी हात लावला नाही, तर हलण्याचे कारण नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका मंगळवारी मी आठवीला ऋतुचक्र शिकवत होतो, आणि बोलता बोलता सवयीने वर पाहिले. छतावरचा तुकडा थरथरला... वाकडा झाला... आणि त्याचे शंभर तुकडे झाले.

मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नव्हता. त्या सकाळी चढवला.

"भूकंप," मी ओरडलो. "सगळे बाहेर."

मुलांना हा सराव मीच दिलेला होता. दप्तरे डोक्यावर घेऊन आठवी बाहेर पडली. आठवी पळते म्हणून सातवी पळाली, आणि सातवीला पाहून पहिलीपर्यंतची सगळी शाळा. मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर हातात बशी घेऊन आले. चहा सांडू नये म्हणून ते पळत नव्हते, पण चालतही नव्हते. चंद्रभागाकाकू झाऱ्यासकट आल्या. सगळ्यांच्या आधी मी कडुलिंबाखाली पोचलो होतो, हे मागाहून अनेकांनी मला सांगितले.

आम्ही जमीन पुन्हा हलण्याची वाट पाहत उभे असताना वर्गाच्या मागून एक निळी गाडी हळूच पुढे सरकली. तिच्या मागच्या बंपरला आमच्या भिंतीचा चुना लागलेला होता. चालकाच्या जागेवरून एक मुलगी उतरली. तिने ओढणी सारखी केली, भिंत पाहिली, बंपर पाहिला, आणि मग डोक्यावर दप्तर घेतलेली अख्खी शाळा पाहिली.

"कावून पळता सर?" ती म्हणाली. "रिव्हर्स घेतलं फक्त."

शेवटी उत्तरेश्वर सरांनी बशीतला चहा संपवला.

"अंगद सर," ते म्हणाले, "पाय रोवून उभा राहणाऱ्याचं नाव ठेवलंय तुमचं. जरा तरी लाज राखा त्या नावाची."

तिचे नाव शिवकन्या. निळी गाडी अंबाजोगाईच्या एका संस्थेची फिरती विज्ञान गाडी होती, आणि पाडव्यापर्यंत दर मंगळवारी आणि शुक्रवारी शिवकन्या ती घेऊन आमच्याकडे येणार होती. तसे पत्र कार्यालयात आले होते. मला सांगायचे राहून गेले होते. ती वर्गात आली, परातीपुढे वाकली, मग मान वर करून छताकडे बघत राहिली.

"हे तुमी केलं?"

"परात चंद्रभागाकाकूंची आहे."

"मी परातीचं न्हाई विचारलं." ती अजून वरच पाहत होती. "म्हणजे यंत्र बरोबर हाय, सर. धक्का खरा होता, तुमी ओळखला बी. फक्त केंद्रबिंदू कुठं हाय ते चुकलं."

"कुठे होता?"

"समोर उभी हाय की."

मी परातीतले पाणी बदलण्यासाठी बाहेर गेलो. पाणी स्वच्छ होते.

*

मी भूकंपाचे तरंग शिकवत असे, तेव्हा फळ्यावर दोन व्याख्या लिहीत असे. प्राथमिक तरंगांत कणांचे कंपन तरंगाच्या दिशेला समांतर असते. दुय्यम तरंगांत ते लंब असते. मुले व्याख्या उतरवून घेत, आणि आयुष्यभरासाठी विसरत. शिवकन्या मुलांना मैदानात घेऊन गेली.

"रांग करा. हात पुढच्याच्या खांद्यावर, कोपर ताठ. मागून धक्का आला की पुढच्याला द्यायचा आन् जागच्या जागी यायचं. पुढं कुणी पळायचं न्हाई. पळायचं काम तरंगाचं, तुमचं न्हाई."

एक धक्का रांगेतून सळसळत गेला, जसा मालगाडीच्या डब्यांतून जातो. मग तिने मुलांना डावीकडे-उजवीकडे डुलायला लावले. ही लाट सावकाश सरकली, पण डुलता डुलता निम्मी रांग मातीत बसली.

"बघितलं?" ती म्हणाली. "पहिला येतो तो लवकर येतो, नुसती कडी वाजवतो. दुसरा मागून येतो, आन् घर हलवतो."

मी पायरीवर उभा राहून हे पाहत होतो, आणि माझ्या दोन्ही व्याख्या मला फार एकाकी वाटल्या.

पुढच्या खेपेला तिने मलाही रांगेत ओढले. ती सर्वांत पुढे, तोंड भिंतीकडे करून, तिच्यामागे मी, माझ्यामागे आठवी. शेवटच्या टोकाला आरोही, जिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते आणि जी शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहत असे. नियमाप्रमाणे माझे हात शिवकन्येच्या खांद्यांवर असायला हवे होते. ते खांद्यांच्या वर, चार बोटे हवेत होते.

आरोहीने धक्का दिला. तो सगळ्या वर्गातून आला, माझ्या पाठीत बसला, आणि संपला.

"मॅडम, पोचला का?" आरोहीने मागून विचारले.

"न्हाई गं."

पुन्हा धक्का. "आता?"

"न्हाई. मधी कुठंतरी थांबायलाय."

"सरांपाशी थांबायलाय," माझ्यामागचा युवराज म्हणाला. त्याने वाकून माझे हात पाहिले होते.

शिवकन्या वळली. तिने माझ्या हातांकडे पाहिले, मग मुलांकडे. माझ्या चेहऱ्याकडे मात्र पाहिले नाही, ही तिची दया.

"पृथ्वीच्या पोटात एक थर पातळ हाय, द्रव," तिने मुलांना सांगितले. "दुय्यम तरंग तिथं अडतो. सर त्या थराचं काम करायलेत."

"पर मॅडम," आरोही म्हणाली, "प्राथमिक तर द्रवातून बी जातो म्हणलात. आमी तर प्राथमिकच सोडला."

"व्हय की." शिवकन्येने क्षणभर विचार केला. "मग सर द्रव न्हाईत. पोकळी हायत. पोकळीतून काहीच जात न्हाई."

मुले मनसोक्त हसली. मी त्या विधानावर पुढे बरेच दिवस विचार केला. शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक सापडली नाही.

त्याच आठवड्यात आरोहीने वर्गात हात वर केला. "सर, आमी हितं उडी मारली तर तरंग कुठवर जातो?"

"तसा सगळ्या पृथ्वीतून जातो," मी म्हणालो. "फक्त लांब गेल्यावर इतका क्षीण होतो की मोजता येत नाही."

"पर जातो?"

"जातो."

"कारखान्यावर? सांगलीकडं?"

वर्गातल्या निम्म्यांचे आईवडील कुठल्या ना कुठल्या उसाच्या फडात होते. मी शिवकन्येकडे पाहिले. ती खिडकीशी टेकून माझ्याकडेच पाहत होती, आणि या वेळी मदत करणार नव्हती.

"कारखान्यावरही जातो," मी म्हणालो.

मग आठवीचा सगळा वर्ग पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला, आणि शिवकन्येने तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम उडी मारली. छतावरचा उजेड फुटून चहूकडे पळाला. तो परत गोल होईपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.

"पोचला आसंल," आरोही म्हणाली, आणि खाली बसली.

मुले जेवायला गेल्यावर शिवकन्या तरंग दाखवायची स्प्रिंग गुंडाळत म्हणाली, "पोचत न्हाई, असं म्हणला न्हाईत तुमी."

"तसे म्हणणे शास्त्राला धरून झाले नसते."

"बरं हाय, तुमच्याकडं शास्त्र हाय." तिने स्प्रिंगचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे तिच्या हातात राहिले. "आन् शास्त्र नसतं तर काय म्हणला असता?"

स्प्रिंग लांब होती. तिच्यातून एक बारीक लाट शिवकन्येकडे गेली... मी ती सोडली नव्हती. निदान, मुद्दाम सोडली नव्हती.

"ही कुणाची?" तिने विचारले.

"वाऱ्याची असावी," मी म्हणालो.

*

त्यानंतर छतावरचा उजेड वरचेवर हलू लागला. प्रत्येक वेळी कारण सापडत होते, आणि मी ते मुलांना प्रामाणिकपणे सांगत होतो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. लिंबागणेशच्या बाजूला कुणी बोअर घेत असावे. चंद्रभागाकाकू मिरची कुटत असतील. ही सगळी कारणे मंगळवारी आणि शुक्रवारीच कशी जमतात, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. माझ्या खुर्चीतून खिडकीबाहेर थेट फाटक दिसते, ही गोष्टही मी हिशेबात धरली नाही.

मुलांनी मात्र या घटनेचा उपयोग करून घेतला. उजेड थरथरला की पेरू दप्तरात जात, पाय पोटाशी येत, आणि आरोही मान वर न करता म्हणे, "प्राथमिक आला. दुय्यम फाटकापाशी आसंल." मग थोड्या वेळाने व्हरांड्यात शिवकन्येच्या चपला वाजत.

"ह्यांना मी यायच्या आधी कसं कळतं?" तिने एकदा मला विचारले.

"तुमच्या गाडीचे कंपन जमिनीतून आधी पोचत असावे. परात फार संवेदनशील आहे."

"परात," ती म्हणाली. आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "लई संवेदनशील दिसती खरी."

फाल्गुनात एके दिवशी संस्थेचा फोन आला. पाडव्यानंतर गाडी आष्टीकडे पाठवायची, की आमच्या भागात आणखी वर्षभर ठेवायची, हे शाळेच्या मागणीवर ठरणार होते. उत्तरेश्वर सरांनी मला कार्यालयात बोलावले. शिवकन्या तिथेच बसली होती.

"विषय तुमचा हाय, अंगद सर. मागू का गाडी?"

माझ्या मनात उत्तर तयार होते. ते एका शब्दाचे होते. पण तो शब्द उच्चारताना माझा आवाज कसा निघेल याची मला खात्री नव्हती, आणि समोर ती बसलेली. म्हणून मी त्याच्याऐवजी एक सुरक्षित वाक्य शोधले.

"निर्णय संस्थेने घ्यावा," मी म्हणालो. "गाडी असल्याने शाळेची काही गैरसोय नाही."

"गैरसोय न्हाई," शिवकन्या हळूच म्हणाली, जसे कुणी मिठाचा खडा चाखून पाहतो. मग तिने पर्स उचलली. "बरोबर आहे. आपले आभारी आहोत, सर."

ती मला आजवर 'तुमी' म्हणत असे. त्या दिवशी पहिल्यांदा 'आपण' झालो. इतका मोठा मान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता, आणि इतका वाईट दिवसही.

चंद्रभागाकाकूंनी खिचडी वाढताना मला जास्तीची पळी घातली. "खावा सर," त्या म्हणाल्या. "पोरगी आष्टीला गेल्यावर परात मला परत द्या. पोळ्याला लागती."

*

तिचा शेवटचा शुक्रवार उजाडला. संस्थेला दुपारपर्यंत उत्तर द्यायचे होते. गाडी बीडला गॅरेजमध्ये होती. आष्टीच्या रस्त्यासाठी तिचा क्लच बदलायला टाकला होता. मॅडम बहुधा येणार नाहीत, असे उत्तरेश्वर सरांनी सांगितले. मी हजेरी घेतली, परातीत पाणी ओतले, आणि खुर्चीत बसलो. उजेड नकाशावरून सरकत होता. छतावरचा तुकडा गोल आणि शांत होता. असा शांत, की पाहवेना.

मग फाट्याकडून एस.टी. थांबल्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळाने फाटकापाशी एक जांभळी ओढणी दिसली.

"प्राथमिक आला," आरोही म्हणाली. आणि मग, मान वर करून, "पर सर, गाडी तर आज न्हाई."

सगळा वर्ग छताकडे पाहू लागला. उजेड थरथरत होता, जणू त्याला थंडी वाजत होती. शिवकन्या दारात आली, तेव्हा एकही डोळा तिच्याकडे नव्हता.

"काय बघायलात?"

"उजेड हालायलाय, मॅडम. गाडी नसताना. कशानं?"

तिने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही. "मग शोधू की. शेवटचा प्रयोग. युवराज, रस्त्यावर बघ."

"ट्रॉली न्हाई, मॅडम."

"बोअर?"

"बोअरची गाडी कालच गेली."

"काकू?"

"डाळ निवडायल्यात."

"खिडकी लाव. सगळ्यांनी मांडी घाला, कुणी हलायचं न्हाई."

खिडकीला काच होती, उजेड आत येतच राहिला. वर्ग मांडी घालून दगडासारखा बसला. छतावरचा तुकडा नाचत होता.

"आता वर्गात हलण्यासारखं काय राहिलं?" ती म्हणाली. आणि आवाज अगदी मऊ करून, "सर... आपण जरा उभं राहता?"

मी उभा राहिलो. टेबलापासून दोन पावले बाजूला झालो. पाण्यावरच्या रेघा काठाला जाऊन विरल्या, आणि छतावर पौर्णिमा झाली. वर्गातून एक लांब "ओऽऽ" निघाला.

"आता बसा."

मी बसलो. गुडघा टेबलाच्या पायाला लागला. मी तो आवरायचा प्रयत्न केला, आणि आवरलेला गुडघा जास्तच हलतो, हे निरीक्षण माझ्या पदरी पडले. पौर्णिमा फुटली.

"निष्कर्ष लिहायचा का, मॅडम?" आरोहीने विचारले.

"निष्कर्ष सर सांगतील. तुमी मैदानात जावा, रांग करा. मी आले."

मुले गेली, इतक्या शिस्तीने की ती सगळी भिंतीआड कान लावून बसली असणार, हे मला कळले. शिवकन्या टेबलापलीकडच्या बाकावर बसली. ती आता थट्टा करत नव्हती.

"दुपारी मी फोन करणार हाय," ती म्हणाली. "आष्टीला गेले तर इकडं यायला मला काही कारण राहत न्हाई. आन् मी बिनकारणाची येणारी न्हाई, सर. गैरसोय न्हाई म्हणून कुणी कुणाकडं येतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काय सांगू? शाळेला गरज हाय, असं सांगू?"

"शाळेला आहे." शब्द मध्येच अडकला, मी त्याला मागून ढकलले, जसे मुले ढकलत. "पण शाळेचे नंतर सांगा. आधी माझे सांगा. मला आहे."

तिने हात लांब केला आणि परातीच्या काठावर ठेवला, माझा हात तिथे होता, त्याच्यापासून चार बोटांवर. तिथे थांबली. पुढचे अंतर माझ्यासाठी सोडलेले होते. मी ते ओलांडले.

"पोचला," ती म्हणाली.

"काय?"

"तरंग, सर. हिवाळ्यात आरोहीनं सोडला होता, तो."

भिंतीआडून कुणीतरी हसू दाबले, आणि मग मैदानातून आरोहीचा आवाज आला, एक, दोन, तीन. सगळ्यांनी उडी मारली. छतावरचा उजेड उधळला. आम्ही दोघांनी वर पाहिले.

"हा मुलांचा," मी म्हणालो.

"आन् आधीचे? ट्रॉल्यांचे, बोअरचे, मिरचीचे?"

मी खाली पाहिले. गुडघा अजून हलतच होता, आणि आता तीही तो पाहत होती.

त्या पहिल्या मंगळवारचा भूकंप तिच्या गाडीचा होता. त्यानंतरचे सगळे माझे होते.